ताटातलं आरोग्य (भाग 7) : बुडालेलं अंडं आणि मे महिना

अंडं पाण्यात सोडायचं. तळाशी बसलं तर ताजं, तरंगलं तर फेकायचं. घरोघरची ही परीक्षा खोटी नाही. अंडं जुनं होतं तसं आतलं पाणी कवचातून उडून जातं, हवेची पोकळी वाढते आणि ते वर येतं. पण यातून कळतं ते फक्त वय. साल्मोनेला हा जीवाणू आत असेल, तर कालचंच अंडं तळाशी शहाण्यासारखं बसून राहतं. त्याला वास येत नाही, रंगही बदलत नाही.

हा जंतू दोन वाटांनी येतो. कधी कोंबडीच्या अंडाशयातच असतो. तिथे धुणं-पुसणं व्यर्थ. कधी कवचाला लागलेल्या विष्ठेतून येतो. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांवर एक पातळ आवरण असतं. आठवडी बाजारातून कुटाराच्या टोपलीतली गावरान अंडी आणली की बादलीत खळाखळा धुण्याची अनेकांना सवय आहे. त्यात हे आवरण जातं. शिवाय उन्हातून आलेलं अंडं गार पाण्यात पडलं की आतला भाग आकसतो आणि बाहेरचं पाणी घाणीसकट आत ओढलं जातं. घाण कोरड्या फडक्याने पुसा. तडकलेलं अंडं घेऊच नका.

आता आपल्या उन्हाळ्याचं. पांढऱ्या बलकातली प्रथिनं लोह बांधून ठेवतात, त्यामुळे जंतूची उपासमार होते. खरं खाद्य पिवळ्या बलकात, आणि मध्ये एक नाजूक पडदा. उष्णतेने तो पडदा सैल पडतो. साल्मोनेलाला 37 अंशांच्या आसपासची ऊब मानवते. यवतमाळात मे महिन्यात पारा 44 ला टेकतो. पत्र्याच्या दुकानात ट्रेवर ट्रे रचलेले असतात. तीस अंडी स्वस्त पडतात हे कबूल, पण फ्रीज नसेल तर उन्हाळ्यात दोन दिवसांपुरतीच आणावीत.

शिजवणं हा खरा उपाय. दोन्ही बलक घट्ट होईपर्यंत शिजवलं की जंतू मरतो. हाफ फ्राय आणि पैलवानी थाटात दुधात फोडलेलं कच्चं अंडं मला पटत नाही. लहान मुलं, गरोदर बायका आणि म्हाताऱ्यांना तर नकोच. पांढरकवडा भागातल्या आदिवासी गावांत अमृत आहार योजनेतून अंगणवाडीतल्या मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. अंडी नीट उकडली जातात, पण पुढचा प्रश्न कच्ची अंडी हाताळलेल्या हातांचा. साबणाने हात न धुता तेच हात सोलायला बसले, तर उकडण्याची मेहनत वाया. सोललेलं अंडं कडक उन्हाळ्यात तासाभरात पोटात गेलेलं बरं.

खाल्ल्यावर सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही ताप, पोटात कळा, जुलाब सुरू होऊ शकतात. लगेच जलसंजीवनी सुरू करा. शौचात रक्त दिसलं, किंवा मूल मलूल पडलं, लघवी कमी झाली, तर तडक दवाखाना गाठा.

राहिलं मेयोनीज. पाटणबोरीपुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगण. तिथल्या सरकारने ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. त्याआधी जानेवारी 2023 मध्ये केरळने, नंतर एप्रिल 2025 मध्ये तामिळनाडूने. मेयोनीजला आच लागतच नाही, आणि एक दूषित अंडं अख्खी बरणी बिघडवतं. मोमो-शोरमाच्या गाडीवर खुशाल विचारा : अंड्याचं की बिनअंड्याचं? अंड्याचं, घरी फेटलेलं असेल, तर चटणी मागा.