शिवराई खरी कशी ओळखावी?

समजा, गोवंडीच्या भंगारात तुम्हांला तांब्याचं जाड नाणं सापडलं. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. ही १६७४ च्या राज्याभिषेकाची आठवण देणारी शिवराई. लगेच चिंचेनं घासायला बसू नका बरं! तो काळपट थर गेला की किंमतही उतरते. ही नाणी ठशावर हातोडा मारून पाडीत, म्हणून कडेची अक्षरं बहुधा तुटलेली असतात. अंगावर बारीक छिद्रं आणि कडेला जोडाची रेघ दिसली, तर नाणं साच्यात ओतलेलं, नकली समजा. खरं ठरलं तरी लाखांची स्वप्नं नकोत. पेशवाईनंतरही शिवराई चालत होती, म्हणून ती पुष्कळ आढळते. दुर्मिळ तो सोन्याचा होन. मात्र जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून अधिक किमतीचं धन सापडलं, तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं.