रस्त्यावर १८, ट्रॅकवर १५: एफ४ रेसिंगमधलं वयाचं गणित काय आहे?

१९ मे २०२४ ची पहाट. पुण्यातल्या कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्शेने दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण इंजिनिअर्सचा जीव गेला. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. पोराच्या हातात गाडी दिलीच कशी, म्हणून सगळं पुणे चिडलं होतं.

पण याच देशात १५ वर्षांची मुलं ताशी २०० किलोमीटरच्या पुढे गाडी पळवतात आणि ते पूर्णपणे कायदेशीर आहे. स्पर्धेचं नाव, फॉर्म्युला ४ इंडियन चॅम्पियनशिप.

आधी रस्त्याचा कायदा बघू

कार चालवायला वय १८ पूर्ण लागतं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. आपल्याला काहीच माहीत नव्हतं, हे पालकांनाच सिद्ध करावं लागतं.

मग ट्रॅकवर १५ कसं चालतं?

कारण ट्रॅक म्हणजे सार्वजनिक रस्ता नाही. तिथे आरटीओचं लायसन्स लागत नाही, रेसिंगचं लागतं. भारतात ते एफएमएससीआय, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट क्लब्सची राष्ट्रीय संघटना देते. जागतिक पातळीवर एफआयएचे नियम चालतात. एफ४ साठी त्यांनी किमान वय १५ ठेवलंय.

एफ४ म्हणजे नेमकं काय?

कार्टिंग आणि फॉर्म्युला वनच्या मधल्या शिडीची ही पहिली पायरी. एफआयएने हा प्रकार आणला आणि २०१४ मध्ये इटलीत पहिली स्पर्धा झाली. भारतात ती २०२३ मध्ये सुरू झाली. पहिला चॅम्पियन ठरला ऑस्ट्रेलियाचा कूपर वेबस्टर.

गाडी एका सीटची असते आणि चाकं बॉडीच्या बाहेर, उघडी. भारतात सगळ्यांना फ्रान्सच्या मिगाल कंपनीची एकसारखीच गाडी मिळते. त्यामुळे महागडी गाडी घेऊन कोणी पुढे जाऊ शकत नाही, ड्रायव्हरचा कस लागतो.

फॉर्म्युला वनसाठी सुपर लायसन्स लागतं. त्याला तीन वर्षांत ४० गुण हवेत. एफ४ ची राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्याला जास्तीत जास्त १२ मिळतात.

मुंबईच्या जेहान दारूवालाने सिंगल सीटर रेसिंग सुरू केलं तेव्हा भारतात एफ४ नव्हतं. तो युरोपात गेला, फॉर्म्युला टूमध्ये चार रेस जिंकला, तरी फॉर्म्युला वनची सीट मिळाली नाही. आजवर तिथे रेस केलेले भारतीय दोनच, नारायण कार्तिकेयन आणि करुण चंडोक. निदान पहिली पायरी तरी आता घरात आहे.

मग हे सुरक्षित आहे का?

रस्त्यापेक्षा नक्कीच. सगळ्या गाड्या एकाच दिशेने धावतात, समोरून ट्रक येत नाही, मध्ये कोणी रस्ता ओलांडत नाही. वळणावर झेंडे घेतलेले मार्शल असतात, ॲम्ब्युलन्स तयार असते. ड्रायव्हरच्या डोक्याभोवती हेलो नावाचं मजबूत कडं, मानेला आधार देणारं हान्स आणि अंगात आगीपासून वाचवणारा सूट असतो.

पण धोका शून्य नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास ट्रॅकवर मोटरसायकल रेसमध्ये १३ वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. मुलांना कोणत्या वयात रेसमध्ये उतरवायचं, हा प्रश्न तेव्हा पुन्हा समोर आला.

पुण्याचं पोरगं तिथे कसं पोहोचणार?

सुरुवात कार्टिंगने होते, साधारण सात-आठ वर्षांपासून. महाराष्ट्रात कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झाल्या आहेत. खरी अडचण त्यापुढे येते. एफ४ च्या रेस झाल्या त्या मद्रास ट्रॅकवर, कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर आणि २०२४ मध्ये चेन्नईच्या रस्त्यांवर. पुण्यापासून ही सगळी ठिकाणं हजार किलोमीटरच्या पुढे. चाकण आणि पिंपरीत गाड्या बनतात, पण त्या पळवायला शिकायचं तर तमिळनाडू गाठावं लागतं. प्रवास, टायर, सराव, सगळ्याचा खर्च घरच्यांवर येतो आणि चांगली मुलं इथेच गळतात.

त्यामुळे घरात वेगाचं वेड असलेलं पोरगं असेल, तर त्याला गाडीची चावी देऊ नका. आधी कार्टिंग ट्रॅकवर न्या. तिथे प्रशिक्षक कोण आहे, हेल्मेट कसं आहे, स्पर्धेला एफएमएससीआयची परवानगी आहे का, हे विचारा. उत्तर गोलमोल आलं तर घरी परत या.