अभ्यासाची जागा

'घरी अभ्यास करीत जा' हे वाक्य भिवंडीत अध्यापनाला लागल्यापासून मी शेकडो वेळा उच्चारले असेल. माझ्या शिक्षकांनी ते मला सांगितले, मी ते पुढे सांगत राहिलो. या वाक्यात एक गृहीत दडलेले आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला घर आहे आणि त्या घरात अभ्यासाला जागा आहे, हे ते गृहीत. ज्या वर्गाचे ते आहे त्या वर्गातून मी आलेलो नाही. तरीही पदवी आणि नोकरी मिळताच मी ते बिनदिक्कत स्वीकारले, याची आज लाज वाटते.

माझे आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून इकडे आले. वडील गोदामात हमाली करीत, आई घरी कांड्या भरी. आमच्या खोलीची मागची भिंत आणि लूमच्या कारखान्याची भिंत एकच होती. कानात सुताचा कचरा कोंबून मी दहावीचा अभ्यास केला. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला, तेव्हा सगळे माझ्या जिद्दीविषयी बोलले. त्या भिंतीविषयी कोणी बोलले नाही, मीही नाही.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि घर हीच शाळा असे बोलले जाऊ लागले. ज्यांच्याकडे वेगळी खोली, टेबल आणि फोन होता त्यांच्या घरात शाळा शिरली. आमच्या वस्तीत दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे आणि एक फोन. त्या दिवसांत लूमही बंद पडल्या. जन्मात पहिल्यांदा वस्तीने शांतता ऐकली. पण त्या शांततेत चुलीही थंड होत्या. पुढे माग सुरू झाले, पोटाला भाकरी आली आणि खडखडाटही आला. भाकरी हवी असेल तर कान द्या, असाच हा सौदा आहे.

त्या काळात शेजारच्या मावशी मला म्हणाल्या, "सर, पोराला डोकंच नाही. वाचतं, पण काहीच ऱ्हात नाही." मी म्हणालो, "मावशी, डोकं आहे. जागा नाही." मी सहज बोलून गेलो, पण त्या वाक्याने मला कामाला लावले.

हे केवळ समाधानाचे बोलणे नव्हे. न्यूयॉर्कमधील मॅनहॅटन भागात एका शाळेच्या अगदी जवळून उंचावरची रेल्वे जात असे. तेथील मुलांच्या वाचनाची तपासणी करून आर्लिन ब्रॉन्झाफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. शाळा एकच, शिक्षणही तेच. पण रुळांच्या बाजूच्या वर्गांतील मुले शांत बाजूच्या मुलांहून वाचनात मागे होती. सहावीपर्यंत हे अंतर सुमारे एका वर्षाचे झाले होते. पुढे रुळांखाली रबराचे थर बसवले, वर्गांना आवाज शोषणारी छते केली. त्यानंतरच्या तपासणीत दोन्ही बाजूंची मुले बरोबरीला आली. मुले तशीच होती. बदलली ती जागा.

आपल्या देशातील नियमही पाहावेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. लूमच्या शेडमधील आवाज नव्वदीच्या पुढे जातो. या मोजमापात दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे नव्वद हा आकडा पंचेचाळीसच्या दुप्पट नव्हे, त्याच्या कितीतरी पलीकडचा आहे. मध्ये एक भिंत असली तरी तिच्या फटींतून आणि थरथरीतून तो घरात येतोच. एवढे सोसणाऱ्या मुलाला पिढ्यान्‌पिढ्या 'यांच्या डोक्यात शिरत नाही' असे ऐकवले गेले. जे कानातच नीट शिरत नाही, ते डोक्यात कसे शिरावे?

बाबासाहेबांचे परळमधील दिवस आपण सारे जाणतो. चाळीतली एक खोली, त्यात संसाराचा सगळा पसारा आणि माणसांची दाटी. रामजी सुभेदार पोराला लवकर झोपवीत, स्वतः जागत आणि रात्री दोनला त्याला उठवून अभ्यासाला बसवीत. ही गोष्ट आपण जयंतीच्या भाषणांत त्यागाची गोष्ट म्हणून सांगतो. मला ती आज वेगळी दिसते. सुभेदारांना वेगळी खोली देता येत नव्हती, म्हणून त्यांनी त्याच खोलीतला शांत प्रहर शोधून काढला. जागा नव्हती, तेव्हा वेळेतून जागा निर्माण केली. भिवंडीत मात्र लूम बारा-बारा तासांच्या दोन पाळ्यांत चालतात. येथे रात्रीचे दोनही शांत नाहीत. म्हणून केवळ जिद्दीचे धडे देऊन आपले भागणार नाही.

हे बाबासाहेबांनी ओळखले होते. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तेव्हा तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहे, वाचनालये आणि अभ्यासवर्ग होते. १९२५ मध्ये सभेने सोलापूरला वसतिगृह काढले. मुलाच्या हाती पुस्तक दिले की काम संपले असे त्यांनी मानले नाही. ते पुस्तक उघडायला जागाही लागते. पुढे त्यांनी दादरला 'राजगृह' बांधले तेही ग्रंथांना जागा हवी म्हणून.

आमच्या विहारामागे दहा बाय बाराची खोली होती. तिच्यात जयंतीच्या मंडपाचे सामान आणि मोडक्या खुर्च्या पडून होत्या. ती आम्ही मोकळी केली. वस्तीवस्तीत अशी एखादी खोली असते. म्हणून पुढे जे सांगतो ते कार्यकर्त्यांनी करून पाहावे.

पहिली गोष्ट उजेड. भिंतींना पांढरा चुना दिला, कारण पांढरी भिंत उजेड परतवते आणि एका दिव्यात दीड दिव्याचे काम होते. नऊ वॅटचे दोन एलईडी दिवे रोज सहा तास जळले, तर महिन्याला सव्वातीन युनिट वीज लागते. साठ वॅटचे जुने दिवे असते तर साडेएकवीस युनिटहून अधिक लागली असती. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, म्हणजे हाताची सावली अक्षरावर पडत नाही.

दुसरी गोष्ट लिहायला फळी. मांडीवर वही घेऊन लिहिणाऱ्या मुलाची पाठ लवकर दुखते आणि ते उठते. आपण त्याला चंचल म्हणतो. महामार्गालगतच्या गोदामांतून मोडक्या लाकडी पॅलेट भंगारात स्वस्त मिळतात. त्यांच्या फळ्यांची बैठी मेजे केली. मांडी घातलेल्या मुलाच्या कोपराहून मेज किंचित उंच असावे. म्हणून लहान-मोठ्यांसाठी दोन उंचीची केली. लाकडावर 'एचटी' असा शिक्का असेल तर ते उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. 'एमबी' म्हणजे विषारी वायूची प्रक्रिया. ते घेऊ नये. तेलाचे किंवा रसायनाचे डाग असलेलेही घेऊ नये.

तिसरी गोष्ट आवाज. तो पाण्यासारखा फटीतून शिरतो. दाराखाली गोणपाटाची गुंडाळी ठोकली, लूमच्या बाजूच्या फटी बुजवल्या, वाऱ्यासाठी दुसऱ्या बाजूची खिडकी उघडी ठेवली. लूमच्या भिंतीला पुस्तकांची आणि जुन्या रद्दीची भरगच्च मांडणी लावली, कारण आवाज अडवायला वजन लागते. मेजे भिंतीपासून दूर ठेवली आणि पायांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे लावले, म्हणजे थरथर लाकडात येत नाही. भिंतीवर गोधड्या टांगल्याने बाहेरचा आवाज थांबत नाही. पण खोलीतला घुमारा कमी होतो आणि शिकवणाऱ्याचे शब्द स्पष्ट ऐकू येतात.

परीक्षा सोपी आहे. खोलीच्या एका टोकाला उभे राहून नेहमीच्या आवाजात श्रुतलेखन घालावे. पहिल्या दिवशी मुलांनी 'पाठ'चे 'पाट' केले, 'साथ'चे 'सात' केले. स्वर ऐकू येतात. व्यंजनांतले बारीक भेद गोंगाटात बुडतात. आमच्या मुलांच्या 'अशुद्ध' लेखनाला हसणाऱ्यांनी एकदा लूमशेजारी बसून श्रुतलेखन घ्यावे.

या साऱ्याला पाच हजारांच्या आत खर्च आला. एका इच्छुक उमेदवाराने स्वतःच्या नावाचा फलक लावण्याच्या अटीवर पंखे देऊ केले. आम्ही नाही म्हटले आणि दर घरामागे महिना दहा रुपये ठेवले. ज्याने दहा रुपये दिले तो खोलीकडे लक्ष ठेवतो.

चूक झाली ती वेळेत. संध्याकाळी सात ते नऊ ही मुख्य पाळी आम्ही पुरुषांनी बसून ठरवली. मुलगे आले, मुली आल्या नाहीत. आम्ही तर्क करीत बसलो; विचारले मात्र नाही. शेवटी नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, सातला पाणी येतं." पाणी भरायचे, भाकऱ्या थापायच्या, धाकट्याला सांभाळायचे; तिच्या अभ्यासाची वेळ आम्ही घराच्या आधी खाऊन टाकली होती. मग दुपारी दोन ते चार मुलींची पाळी लावली आणि किल्ली समोरच्या एका आईच्या हाती दिली. आज खोलीत मुली अधिक असतात.

एक इशारा द्यायला हवा. ही खोली शाळेला पर्याय नाही. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू आहे. शाळेत वर्गखोली, ग्रंथालय, पाणी, स्वच्छतागृह असावे असे तो सांगतो. ती जबाबदारी शासनाची आहे. आमची खोली दाखवून कोणी वर्ग कमी करू लागला, तर हीच खोली त्याच्याविरुद्ध अर्ज लिहिण्याची जागा झाली पाहिजे. पण शाळा सुटल्यावर मूल कुठे बसते हे कोणताही कायदा विचारीत नाही. ते आपणच विचारायचे आहे.

आवाज पूर्ण गेलेला नाही. तो कमी झाला आहे, एवढेच. मावशींचा मुलगा यंदा अकरावीत आहे. गणितात अजून कच्चा आहे, पण दोन तास जागचा हलत नाही. आणि वर्गात 'घरी अभ्यास करीत जा' असे सांगण्यापूर्वी मी आता प्रत्येकाला विचारतो, "तू बसतोस कुठे?"