‘लेकीची माया’ : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग

मराठीतील बहुतेक स्नेहवाचक शब्दांना एक ठरलेली दिशा असते. ‘वात्सल्य’ वडीलधाऱ्यांकडून लहानांकडे जाते. ‘आदर’ आणि ‘भक्ती’ लहानांकडून वडीलधाऱ्यांकडे. मुलीला आईवडिलांविषयी वाटणारा जिव्हाळा मात्र या दोहोंपैकी कशातच पुरता सामावत नाही. त्यास ‘आदर’ म्हणावे तर त्यातील कोवळीक हरवते. ‘वात्सल्य’ म्हणावे तर नात्याचा क्रम उलटा होतो. बोलीने ही अडचण ‘माया’ या शब्दाने सोडविली आहे.

‘वत्सल’ या शब्दाच्या मुळाशी ‘वत्स’ म्हणजे वासरू आहे. स्नेहाच्या अर्थी ‘वत्स’ शब्दास होणारा ‘ल’ प्रत्यय पाणिनीने (५.२.९८) सांगितला आहे. ‘पितृवत्सल’, ‘भ्रातृवत्सल’ अशा समासांच्या आधारे संस्कृताने या शब्दाची दिशा फिरविली. परंतु ‘पितृवत्सल कन्या’ हा प्रयोग मराठीत ग्रंथापुरताच राहिला. घरगुती बोलण्यात तो उतरला नाही.

‘माया’ या शब्दाचा प्रवास वेगळा आहे. ऋग्वेदात अद्भुत सामर्थ्य, वेदान्तात भ्रम, आणि मराठीत जिव्हाळा, साठविलेले धन, इतकेच नव्हे तर शिवणीत राखून ठेवलेले जादा कापड, असे त्याचे अर्थ आढळतात. ‘मायामोह’ या जोडशब्दावरून असे दिसते की तत्त्वज्ञानाने जी आसक्ती बंधन मानली, तीच संसारी भाषेत गुण ठरली. ‘मातृ’पासून आलेला ‘माय’ हा शब्द निराळा असला, तरी त्याच्या नादसाम्यानेही या अर्थास बळ दिले असावे.

या शब्दाचे वैशिष्ट्य क्रियापदांच्या संगतीत स्पष्ट होते. ‘माया करणे’ यात कर्त्याचा भाव आहे, तर ‘माया लावणे’ यात दुसऱ्याच्या मनात ओढ उत्पन्न करणे आहे. ‘आईने लेकीला माया लावली’ आणि ‘लेकीने आईला माया लावली’ ही दोन्ही वाक्ये सारखीच स्वाभाविक वाटतात. ‘वात्सल्य’ असा पालट सहन करीत नाही.

लेकीच्या मायेला विरहाची पार्श्वभूमी असते. सासरी निघालेल्या कन्येचा दृष्टान्त तुकारामांनी भक्ताच्या तळमळीसाठी योजला आणि वारकरी परंपरेने पंढरीस माहेर मानले, याचे कारण येथे सापडते. आराध्याविषयीचा आदर न सोडता त्याच्याशी लडिवाळ होण्याची मुभा लेकीच्या भूमिकेतच होती. जात्यावरच्या ओव्यांतील माहेराची ओढही याच अंगाने वाचावी लागते.

तथापि या शब्दाच्या गौरवामागील व्यवहार दृष्टीआड करता येत नाही. मुलीला ‘परक्याचे धन’ म्हणणारे घर तिच्याकडून मायेची अपेक्षा मात्र आयुष्यभर ठेवीत आले. शब्दाचे दोन अर्थ जणू भावंडांत वाटले गेले : जिव्हाळ्याची माया लेकीकडे, धनाची माया लेकाकडे. १९९४ च्या महाराष्ट्रातील दुरुस्तीने आणि पुढे २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीस जन्मसिद्ध हक्क दिला. तरी ‘लेकीला माया असते, तिला वाटा कशाला?’ ही मनोवृत्ती कायद्याने आपोआप मावळत नाही. म्हणूनच साहित्यात ‘लेकीची माया’ हा प्रयोग आढळल्यास तो केवळ स्त्रीस्वभावाचे वर्णन म्हणून न घेता, तो कोण उच्चारतो आणि त्या मायेच्या बदल्यात लेकीला काय मिळते, हेही तपासणे अगत्याचे ठरते.