बद्द आवाज

धुळ्याहून साक्रीमार्गे ब्राह्मणवेलच्या पठाराकडे जाताना ज्या पवनचक्क्या संथपणे फिरताना दिसतात, त्यांपैकी एकीचे पाते दुरुस्तीसाठी खाली उतरवल्याचे कळले, तेव्हा रीतसर परवानगी काढून मी ते पाहावयास गेलो. दुरून भिरभिऱ्याएवढे भासणारे ते पाते ओंडक्यांवर आडवे निजलेले होते.

काचतंतूंच्या कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून एकावर एक बसवावयाचे, मध्ये जागोजाग बाल्सा नावाचे हलके लाकूड घालावयाचे, अशी याची घडण. तंतू आपल्या लांबीच्या दिशेने विलक्षण बळकट. परंतु थराला थराशी धरून ठेवणारे रेझिनखेरीज काहीच नाही, आणि साऱ्या अनर्थाचे मूळ तेथेच. पाते मिनिटाला २० फेरे घेत असेल, तर दिवसाला २८,८०० वेळा त्याच्या स्वतःच्या वजनाचा बाक उलटतो; जी कड आता ताणली गेली तीच पुढच्या क्षणी दाबली जाते. आधी आडव्या तंतूंच्या थरात केसासारख्या चिरा पडतात. त्या पुढच्या थरातील उभ्या तंतूंशी अडतात, आणि समोर वाट नाही म्हणून दोन थरांच्या सांध्यातून पसरू लागतात. सुटलेला थर दाबासरशी बाहेर फुगतो, आणि चिरेचे तोंड आणखी उघडते. रावेर-यावलकडे वादळानंतर मोडून पडलेल्या केळीची विस्कटलेली सोपटे ज्याने पाहिली आहेत, त्याला हे निराळे सांगावयास नको. केळीला मुळात रेझिन नाही, एवढाच फरक.

मला दिसली ती बोटभर पांढुरकी रेघ. कारागिराने तिच्याकडे फारसे पाहिलेही नाही; बाजारात मडके घेताना बाई ते जसे पेराने वाजवून घेते, तसा तो लहानशा हातोडीने ठोके देत निघाला. टण, टण, टण, आणि एकाएकी बद्द. "आठे पोकळ शे," एवढेच म्हणून त्याने खडूची खूण केली. खुणा जोडल्या तेव्हा त्या बोटभर रेघेभोवती हातभर लांबीची आकृती उमटली, आणि मुकादमाने तिचे माप नोंदवहीत रुजू केले.

मग ग्राइंडर लागला. वरच्या थराची कड खालच्याहून मागे, त्याहून वरची आणखी मागे, असे करीत खळगा उथळ पायऱ्यांचा झाला; सभोवतीच्या काळ्या डोंगरांच्या पायऱ्यांकडे माझे लक्ष गेले ते तेव्हा. नवे कापड जुन्या तंतूंच्याच दिशेने बसवून, वर प्लास्टिक ताणून आतली हवा ओढून घेतली.

दुसऱ्या दिवशी रेझिन कडक झाल्यावर कारागिराने पुन्हा हातोडी उचलली, तेव्हा मुकादमाने आधी शेजारचा जनरेटर बंद करविला.