मुख्य साक्षीदाराची जबानी

भुसावळ हे रेल्वेचे गाव. मुंबईहून येणारा लोहमार्ग येथे दुभंगतो. एक फाटा नागपूरकडे जातो, दुसरा खांडव्यावरून इटारसीकडे. आणि पास, दाखले, सवलती, बदल्यांचे हुकूम या शब्दांच्या सहवासात येथील कित्येक पिढ्या वाढल्या असल्यामुळे प्रस्तुत विषयाचा आरंभ रेल्वेच्याच एका सवलतीपासून केला, तर तो या गावी तरी कोणास अप्रस्तुत वाटू नये. बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि सोबत्यावाचून प्रवास करू न शकणाऱ्या प्रवाशास शयनयानात किंवा द्वितीय वर्गात भाड्याची ७५ टक्के सूट मिळते, आणि तेवढीच सूट त्याच्या सोबत्यालाही मिळते. तरतूद उदार आहे. उपचारांसाठी मुलाला घेऊन मुंबई-पुण्याच्या वाऱ्या कराव्या लागणाऱ्या कुटुंबाला तिचा आधार किती, हे त्या कुटुंबालाच ठाऊक. परंतु गाडीत शेजारी बसलेला हा सोबती स्थानकावर उतरल्यावरही सोबतीच राहतो असे नाही. रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, शाळेच्या कचेरीत, प्रमाणपत्राच्या खिडकीशी तो हळूहळू त्या मुलाचा मुखत्यार होऊन बसतो, आणि हे मुखत्यारपत्र त्याला कोणी, केव्हा, कोणत्या अटींवर दिले, असा प्रश्न त्या मुलाला कधी विचारलाच जात नाही.

डॉक्टर मुलाकडे पाहतात आणि आईला विचारतात, ‘याला काय होतंय?’ आई सांगते. डॉक्टर लिहितात. मूल दोघांच्या मध्ये उभे असते. यात डॉक्टरांचा दुष्टपणा नाही, कारण बाहेर रांग लांब असते. आईचा तर नाहीच नाही. तथापि एखाद्या प्रकरणाची चौकशी व्हावी, साऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जबान्या नोंदल्या जाव्यात, आणि ज्याच्यावर प्रसंग गुदरला त्या मुख्य साक्षीदाराला मात्र कोणी पुकारू नये, तसा काहीसा हा मामला आहे.

ही मुले कोण, हे आधी थोडक्यात सांगितले पाहिजे. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात अक्षमतेचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले, आणि त्यांत अध्ययन अक्षमतेला प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची बुद्धी शाबूत असते, पण अक्षरे, शब्द किंवा अंक यांच्याशी त्याचे सहजी जुळत नाही. बौद्धिक अक्षमतेत समजण्याचा, शिकण्याचा आणि नित्य व्यवहार सांभाळण्याचा वेगच मंदावलेला असतो. २०११ च्या खानेसुमारीत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या. त्या खानेसुमारीत अध्ययन अक्षमतेचा रकानाच नव्हता, त्यामुळे पहिल्या प्रकारची मुले त्या आकड्यात शोधू नयेत. या लेखात दोन्ही प्रकारच्या मुलांचा विचार आहे, परंतु दुसऱ्या प्रकारच्या मुलांचा अधिक, कारण मत डावलले जाण्याचा धोका त्यांच्या वाट्याला अधिक येतो.

कायदा या बाबतीत समाजाच्या बराच पुढे गेलेला आहे. आपल्याला परिणाम भोगावे लागणाऱ्या प्रत्येक बाबीत आपले मत मांडण्याचा मुलाचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या बाराव्या अनुच्छेदाने मान्य केला, आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली. दिव्यांगांच्या हक्कांविषयीचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार भारताने पुढल्याच वर्षी कायम केला, आणि त्यास अनुसरून २०१६ च्या कायद्याच्या चौथ्या कलमात असे नमूद झाले की दिव्यांग मुलांना स्वतःसंबंधीच्या सर्व बाबींत मोकळेपणाने मत व्यक्त करण्याचा हक्क इतर मुलांच्या बरोबरीने आहे, आणि त्यासाठी त्यांचे वय व त्यांची अक्षमता ध्यानी घेऊन योग्य ते साहाय्य पुरवणे हे शासनाचे व स्थानिक संस्थांचे कर्तव्य आहे. मूल बोलू शकत असेल तरच त्याला विचारावे, असे हे कलम म्हणत नाही. त्याला बोलता येत नसेल तर ते येईल अशी व्यवस्था करा, असे ते बजावते. ओझे मुलाच्या खांद्यावरून उचलून कायद्याने ते प्रौढांच्या खांद्यावर ठेवले, आणि बहुधा म्हणूनच आपण प्रौढांनी हे कलम फारसे मोठ्याने वाचलेले नाही.

मात्र केवळ कायदा सांगतो म्हणून मुलाला विचारावे असेही नाही. शुश्रूषा नीट व्हावी एवढा स्वार्थी हेतू धरला तरी त्याच निष्कर्षाप्रत यावे लागते. बौद्धिक अक्षमता असलेले मूल एकाएकी डोके आपटू लागले, जेवण टाकू लागले, रात्रीबेरात्री रडू लागले, की ‘त्याचा स्वभावच तसा’ असे म्हणून प्रकरण दप्तरी दाखल होते. वस्तुतः त्या मागे किडलेला दात, कानातला ठणका किंवा चार दिवसांचे बद्धकोष्ठ दडलेले असू शकते. आजाराची लक्षणे अक्षमतेच्या खाती जमा करण्याची ही चूक जगभरच्या वैद्यकात ओळखीची आहे. दुखणे कोठे आहे हे त्या देहाच्या मालकावाचून कोणालाच ठाऊक नसते, आणि ज्याला अंगाच्या चित्रावर बोट ठेवून ‘येथे’ एवढे दाखवायला कोणी शिकवलेच नाही, त्याने डोके आपटण्याखेरीज दुसरे काय करावे?

एक साधे, पण वर्षानुवर्षे घडणारे उदाहरण घेऊ. समजा, यावल तालुक्यातील एका केळीबागायतदाराच्या घरी डाउन सिंड्रोम असलेला अकरा वर्षांचा मुलगा आहे. या मुलांत थायरॉइड ग्रंथीचे कार्य मंदावण्याचे प्रमाण मोठे असल्याने वर्षाकाठी एकदा तरी रक्त तपासावे लागते. प्रचलित रीत अशी की ‘मामाकडं जाऊ, चल,’ असे सांगून मुलाला मोटारसायकलवर बसवावे, दवाखान्याच्या दारात त्याने अंग टाकले की उचलून आत न्यावे, दोघांनी हात व दोघांनी पाय धरावेत, ‘काही नाही होत रे’ असे म्हणत सुई टोचावी, आणि मग कुल्फी द्यावी. काम पाच मिनिटांत होते. किंमत पुढील वर्षी मोजावी लागते: मूल दवाखान्यालाच नव्हे तर मामालाही भिऊ लागते, आणि आई खरे सांगते की नाही याचा भरवसा त्याला उरत नाही.

दुसरी रीत वेळखाऊ आहे. दोन दिवस आधी त्याला खरे सांगावे: दवाखान्यात जायचे, सुई टोचणार, थोडे दुखेल आणि लगेच थांबेल. दवाखान्याचे दार, ती खुर्ची, दंडाला बांधायचा पट्टा, रक्ताची छोटी बाटली, परतताना लागणारे रसवंतीगृह, या सर्वांची छायाचित्रे भ्रमणध्वनीवर काढून क्रमाने दाखवावीत, आणि त्यांतील शेवटचे चित्र नेहमी घरचे असावे. मग विचारावे: डावा हात की उजवा? आईच्या मांडीवर की खुर्चीत? पाहायचे की तोंड फिरवायचे? तळहात वर केला की सुई टोचणारे काका किंवा ताई क्षणभर थांबतील असे ठरवावे, आणि त्याने तळहात वर केल्यावर खरोखर थांबावे. रक्त काढायचे की नाही, हा प्रश्न मात्र त्याला विचारू नये, कारण त्याचे उत्तर ‘नाही’ आले तरी आपण ते मानणार नसतो, आणि जे मानायचेच नाही ते विचारणे हे न विचारण्यापेक्षा अधिक अपमानास्पद आहे. सहभाग म्हणजे मुलाच्या हाती सर्व निर्णय सोपवून मोकळे होणे, असा अर्थ करून जे टीका करतात त्यांनी ही मर्यादा लक्षात घ्यावी. अपस्माराची गोळी चुकवून चालत नाही. ती पाण्याबरोबर घ्यायची की दह्याबरोबर, आधी न्याहारी की आधी गोळी, हे डॉक्टरांना विचारून मुलावर सोडता येते, आणि ज्या घरी ते सोडले जाते त्या घरी सकाळची झटापट बहुधा कमी होते.

आता भाषेविषयी. भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात घरोघरी लेवा गणबोली किंवा तावडी बोलली जाते, धुळ्याकडे अहिराणी. शाळेत व सरकारी दवाखान्यात मात्र प्रमाण मराठी, आणि रेल्वेच्या वसाहतीत पुष्कळदा हिंदी. सामान्य मूल हे सारे झेलते. ज्या मुलाजवळ मुळात चाळीस-पन्नास शब्दांचीच शिदोरी आहे, त्याला आजीच्या बोलीत विचारलेला प्रश्न कळतो आणि तोच प्रश्न पुस्तकी मराठीत आला की ते गप्प बसते, मग त्याच्या कागदावर ‘सूचना समजत नाहीत’ असा शेरा पडतो. हा शेरा मारण्यापूर्वी आजीला आत बोलावावे, इतकी साधी गोष्ट आहे. ज्याला शब्दच नाहीत त्याच्यासाठी चित्रांच्या देवघेवीने संवाद साधण्याची पद्धत अमेरिकेत १९८५ साली निघाली, आणि चित्रावर बोट ठेवताच शब्द उच्चारणारे ‘आवाझ’ नावाचे ॲप चेन्नईत तयार झाले. पण उपकरण नसेल तर अडून बसण्याचे कारण नाही. पुठ्ठ्यावर चिकटवलेली ‘दुखते’, ‘पाणी’, ‘संडास’, ‘थांबा’, ‘नको’ अशी पाच-सहा चित्रेही पुष्कळ काम करतात. यांतील ‘नको’चे चित्र घरोघरी विसरले जाते, असा माझा तर्क आहे.

मुलाला समजणारच काय, ही शंका जुनी आहे आणि तिला उत्तरही मिळालेले आहे. प्रिसिला ऑल्डरसन या इंग्रज विदुषींनी अस्थिशस्त्रक्रियेला सामोऱ्या जाणाऱ्या आठ ते पंधरा वर्षांच्या १२० मुलामुलींशी बोलून १९९३ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यातून असे दिसले की स्वतःच्या उपचारांविषयीची जाण मुलाच्या वयापेक्षा त्याच्या अनुभवावर अधिक अवलंबून असते. वारंवार दवाखान्यात गेलेले लहान मूल, कधीच न गेलेल्या मोठ्यापेक्षा, या विषयात जाणकार ठरू शकते. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने संशोधनात सहभागी होणाऱ्या सात वर्षांवरील मुलाची, पालकांच्या संमतीहून वेगळी, स्वतःची राजीखुशी आवश्यक मानली आहे. संशोधनासाठी जे आवश्यक, ते रोजच्या औषधपाण्यात ऐच्छिक का असावे, हे मला उमगलेले नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती सांगताना थोडा संकोच होतो, कारण ती मायेची आहे. खानदेशात मुलांच्या शुश्रूषेचा आदर्श म्हणून साने गुरुजींचे नाव घेतले जाते. १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक आणि पुढे तेथील छात्रालयाचे चालक असताना ते मुलांची कामे त्यांना न सांगता स्वतःच करून टाकत, ही आठवण येथे घरोघरी सांगितली जाते. ती रास्तच आहे. मात्र तेच गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ स्वहस्ते लिहून काढीत, त्यांच्याशी नित्य बोलत, त्यांना वाचक मानत, ही अर्धी बाजू आपण विसरलो. न सांगता करून टाकण्याची माया आपल्या एकत्र कुटुंबांनी उचलली, बोलण्याची नाही. अशा घरात काकू भरवते, आत्या केस विंचरते, आजोबा बूट घालतात, आणि बाराव्या वर्षी मुलाला सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, याचे कोणाला वाईटही वाटत नाही. ‘चौकट राजा’ या १९९१ च्या चित्रपटातील दिलीप प्रभावळकरांच्या नंदूने महाराष्ट्राला रडवले. त्या नंदूवर आपण प्रेम केले ते तो मोठा झालाच नाही म्हणून, की त्याला काही हवे होते म्हणून, हे पाहणाऱ्याने स्वतःशी ठरवावे.

मायेच्या जोडीला समारंभाचाही धोका आहे. रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली आणि तिच्या तळच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणे, शोभेला उभे करणे व नाममात्र विचारणे, या सहभागाच्या पायऱ्याच नव्हेत असे स्पष्ट म्हटले. ३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनी मंचावर हार घालून बसवलेली, भाषणे संपेपर्यंत तहान लागली तरी जागेवरून न हललेली मुले पाहिली, की या शिडीची आठवण होते.

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांचा प्रश्न यापेक्षा सोपा दिसतो, कारण ती बोलतात. पण त्यांनाही विचारले जाते असे समजू नये. २०१८ च्या शासकीय सूचनांप्रमाणे त्यांची तपासणी आठव्या वर्षी, मग चौदाव्या व अठराव्या वर्षी व्हायची. दहावीच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. लेखनिक घेतला तर वर्गाला कळेल, म्हणून काही मुलांना तो नको असतो आणि वाढीव वेळ पुरेसा वाटतो. काहींना नेमके उलट हवे असते. अर्ज पालक भरतात. अर्जावर सही करण्यापूर्वी तो मुलाला मोठ्याने वाचून दाखवायला कोणत्याही कार्यालयाची मनाई नाही.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाच्या बाबतीत हे सारे अठराव्या वर्षी एका ठिकाणी येऊन भिडते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते. जिल्हाधिकारी तिचे प्रमुख, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती हे तिचे सदस्य. सज्ञान झालेल्या मुलासाठी पालक नेमण्याचा अर्ज तिच्याकडे करायचा असतो. २०१६ च्या कायद्याचे चौदावे कलम मात्र मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडते: ठरावीक मुदतीचे, ठरावीक निर्णयापुरते, परस्पर विश्वासावर उभे आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार चालणारे. ज्याला अठरा वर्षांत डावा हात की उजवा हेही कोणी विचारले नाही, त्याची ‘इच्छा’ समितीने एका सुनावणीत कोठून काढावी? भुसावळहून जळगावच्या जिल्हाधिकारी कचेरीत अशा अर्जासाठी जाणाऱ्या आईवडिलांनी निदान आठवडाभर आधी मुलाला सांगावे की आपण कोठे जात आहोत, तेथे कोण बसलेले असतील, ते काय विचारतील, कोणता कागद कशासाठी आहे, आणि तेथे त्याला ‘नको’ म्हणायचे झाले तर ते कसे म्हणायचे.