कळ थांबते, पुढे काय?

दारूने स्वादुपिंड कायमचं सुजलेला माणूस वॉर्डात लांबूनही ओळखू येतो. गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून बसलेला. बेंबीच्या वरची कळ थेट पाठीत शिरते, जेवलं की वाढते, म्हणून तो जेवणच टाकतो. वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या, मग नशा आणणारी वेदनाशामकं, मग दुर्बिणीतून स्वादुपिंडाच्या नळीत स्टेंट आणि काहीच चालेना तेव्हा सर्जन, हा उपचारांचा क्रम जगभर रूढ होता.

तो क्रम नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी तपासून पाहिला. नळी तुंबलेल्या ३९ रुग्णांपैकी काहींना दुर्बिणीचा उपचार दिला, काहींवर थेट शस्त्रक्रिया केली. २००७ साली निकाल आला. दोन वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्या ७५ टक्के रुग्णांना आराम होता, दुर्बीणवाल्यांपैकी ३२ टक्क्यांनाच. पुढे दुर्बीणवाल्यांतल्या जवळपास निम्म्यांना टेबलावर जावंच लागलं. २०२० मध्ये ८८ रुग्णांच्या अभ्यासातही लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचं दुखणं सरासरीने कमी निघालं. फरक डोळे दिपवणारा नव्हता, पण रोज कळ सोसणाऱ्याला तेवढाही पुष्कळ.

या शस्त्रक्रियेत काय करतात? फ्रे यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत घ्या. सर्जन स्वादुपिंडाची नळी लांबीच्या दिशेने उघडतो, आत अडकलेले पांढरे टणक खडे वेचून काढतो, ग्रंथीच्या डोक्याचा सुजट गाभा कोरतो आणि त्या उघड्या खाचेवर लहान आतडं शिवतो. तुंबलेला पाचकरस मग परस्पर आतड्यात उतरतो.

तुंबारा निघतो, पण मेलेल्या पेशी परत येत नाहीत. तेलकट, फ्लश करूनही तरंगणारा मल दिसला तर एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात, त्याही प्रत्येक जेवणाबरोबर, बहुधा जन्मभर. कितीतरी जणांना पुढे मधुमेह गाठतो.

आयुर्मानाचा हिशेब आणखी निराळा. या आजाराच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत दहा वर्षांनी ७० टक्के रुग्ण हयात होते, वीस वर्षांनी ४५ टक्के. मृत्यू बहुतेक स्वादुपिंडामुळे झालेच नव्हते. हृदय, यकृत, कर्करोग ही कारणं होती, आणि पीत राहणाऱ्यांना व सिगारेट ओढणाऱ्यांना धोका जास्त होता. म्हणून सर्जनइतकाच व्यसनमुक्तीचा समुपदेशक गरजेचा, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर ‘दारू बंद’ एवढंच लिहून मोकळं होण्याची सवय आहे.

या आजारातून येणारा मधुमेह तर दारूशी फार वाईट जमतो. ग्रंथी करपताना इन्सुलिनबरोबर, उतरलेली साखर वर आणणारं ग्लुकॅगॉनही संपत जातं. त्यात दारूमुळे यकृताला नवी साखर तयार करता येत नाही. इन्सुलिन टोचून, न जेवता दोन पेग घेऊन झोपलेल्या अशा रुग्णाची साखर रात्रीतून धोक्याच्या पातळीखाली जाऊ शकते, आणि घरच्यांना वाटतं, चढलीय, सकाळी उतरेल.